फोटोला नाव कोण ठेवतं?

लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडायची पद्धत आपल्याकडे आता जवळपास ठरून गेली आहे. फोटोग्राफर छोट्या आकाराच्या जेपेग फायली पेनड्राइव्हवर नाहीतर गूगल ड्राइव्हवर देतो. घरचे लोक जेवणं उरकल्यावर टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बसतात. मावशी म्हणते हा घ्या, आत्या म्हणते यात माझे डोळे मिटलेत, आणि बऱ्याच चर्चेनंतर कुणीतरी व्हॉट्सॲपवर यादी पाठवतं : ‘४५, ११२, २३०, २३१ (दोन्हीतला एकच), ३०८…’ डिझायनर, प्रिंट लॅब, बाइंडिंग, पुढचं सगळं काम या आकड्यांवर चालतं.

हा २३० नंबर आला कुठून, हा प्रश्न एरवी कुणाला पडत नाही. पडतो तो घोळ झाल्यावर. समजा स्टुडिओने एडिटिंग संपवून सहाशे चाळीस फोटो एकदम एक्स्पोर्ट केले आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, एकपासून नंबर घाल. घरच्यांची यादी आली. मधल्या काळात दुसऱ्या कॅमेऱ्यावरचे पन्नासेक फोटो घ्यायचे राहिल्याचं लक्षात आलं, ते योग्य जागी बसवून सगळं पुन्हा एक्स्पोर्ट झालं, पुन्हा एकपासून. जुन्या संचातला २३० म्हणजे अंतरपाट दूर होतानाचा क्षण. नव्या संचातला २३० म्हणजे पंगतीत जिलेबी वाढणारा वाढपी. अल्बम छापून येतो तेव्हा वाढपी पानभर. इथे एकही फाइल हरवलेली नाही, बिघडलेली नाही. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं. फसगत झाली ती एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘फाइल नेमिंग’ नावाचा जो लहानसा कप्पा असतो तिथे. रंग, शार्पनिंग, रिझोल्यूशन यांवर फोटोग्राफर मंडळी रात्र जागवतील, पण या कप्प्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

कॅमेरा स्वतःहून जे नाव देतो त्यालाही नियम आहे, आणि तो बराच जुना आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे डिजिटल कॅमेरे, प्रिंटर आणि कार्ड यांचं एकमेकांशी जमावं म्हणून जेइडा या जपानी उद्योगसंघटनेने १९९८ मध्ये डीसीएफ नावाची नियमावली ठरवली. कार्डावर दिसणारा ‘डीसीआयएम’ फोल्डर त्यातलाच. फाइलचं नाव आठ अक्षरांचं, ही मर्यादा डॉसच्या जमान्यातून आलेली. त्यातली पहिली चार अक्षरं कंपनीच्या मर्जीची, पुढचे चार आकडे ०००१ ते ९९९९. म्हणून कॅननचं ‘आयएमजी_’, निकॉनचं ‘डीएससी_’, फुजीचं ‘डीएससीएफ’. सोनीच्या फायलींत पाच आकडे दिसतात, पण त्यातलं पहिलं शून्य त्या चार अक्षरांपैकी एक आहे. सोनीचा मीटरही ९९९९ नंतर ०००१ वरच येतो. कॅनन किंवा निकॉनच्या नावात अंडरस्कोर सगळ्यात पुढे आलेला दिसला, तर तो फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत काढलाय हेही त्यातून कळतं. एवढीशी जागा, पण कंपन्यांनी ती वाया घालवलेली नाही.

नऊ हजार नऊशे नव्याण्णव हा आकडा १९९८ मध्ये भरपूर वाटला असेल. आज एका लग्नात दोन फोटोग्राफर मिळून चार-पाच हजार क्लिक सहज मारतात. हळदीचे फोटो ९८०० च्या घरात सुरू झाले, तर सीमांतपूजनाच्या आसपास मीटर पलटतो आणि लग्नाची सकाळ ०००१ पासून उजाडते. नावाप्रमाणे लावलं की आधी लग्न, मग हळद. शिवाय कॅमेऱ्याच्या मेन्यूत नंबर ‘सलग’ ठेवायचा की दर कार्डाला नव्याने सुरू करायचा असा पर्याय असतो. तो चुकीच्या जागी असेल तर दोन कार्डांवर सारख्याच नावाच्या फायली तयार होतात. दोन्ही कार्डं एका फोल्डरमध्ये ओतायला गेलं की विंडोज विचारतं, जुनी बदलू की दोन्ही ठेवू? रात्री दीड वाजता, हॉलवरून परत आल्यावर, त्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे वाचून दिलं जाईल याची खात्री कुणी देऊ नये.

म्हणून नाव ठेवायचं ते एक्स्पोर्टच्या वेळी नाही, फोटो कॉम्प्युटरवर पहिल्यांदा घेताना, आणि एकदाच. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट ही. तारीख, कॅमेऱ्याचं खुणेचं अक्षर आणि कॅमेऱ्याने दिलेला मूळ नंबर, एवढं पुरतं : ‘२०२५०२१६_ए_४५१२’. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपण बोलताना-लिहिताना दिवस आधी घेतो, पण तसं फायलींत केलं की १ मार्चचे फोटो १६ फेब्रुवारीच्या आधी जाऊन बसतात, कारण कॉम्प्युटर डावीकडून एकेक अक्षर तपासत जातो. वर्ष आधी लिहायची ही रीत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ मध्येच ठरवून दिली आहे. कॅमेऱ्याचं अक्षर हवं, कारण दोन निकॉन एकाच लग्नात असतील तर दोघांकडेही ४५१२ असू शकतो.

हा मूळ नंबर सात-बाऱ्यावरच्या गट नंबरासारखा वागवावा. जमिनीचे हिस्से पडले की ४५/१, ४५/२ होतं, मालक बदलतात, पण ४५ कुणी पुसत नाही. तसंच फोटोचं : छापण्यासाठीची प्रत असेल तर शेवटी ‘_प्रिंट’, इन्स्टाग्रामसाठी असेल तर ‘_वेब’, काळी-पांढरी असेल तर ‘_बीडब्ल्यू’. शेपूट बदलेल, नंबर तोच. घरच्यांच्या यादीत ‘ए ४५१२’ आलं की सर्चमध्ये ‘ए_४५१२’ टाकायचं. रॉ फाइल, एडिट केलेली प्रत, छपाईची प्रत, सगळी भावंडं एका रांगेत उभी राहतात.

बहुतेक सॉफ्टवेअरांत हे करायची सोय आहे, फक्त ती शोधावी लागते. ॲडोबी लाइटरूममध्ये एक्स्पोर्ट करताना नावाचा साचा निवडता येतो. ‘कस्टम नेम – सीक्वेन्स’ हा साचा फार लोकप्रिय, आणि वर सांगितलेला वाढप्याचा प्रकार त्याच्यामुळेच होतो : तो मूळ नाव बाजूला सारतो आणि एकपासून मोजायला लागतो. त्याच यादीत ‘कस्टम नेम – ओरिजिनल फाइल नंबर’ हा साचाही असतो. तो मूळ नावाच्या शेवटचे आकडे उचलून नव्या नावाला जोडतो : ‘पाटील_लग्न_४५१२’. गिऱ्हाइकाला नाव दिसतं, स्टुडिओला नंबर मिळतो. साचे स्वतः बनवायचे असतील तर तारीख, फोल्डरचं नाव, कॅमेऱ्याचं मॉडेल असे तुकडे एकापुढे एक ठेवून बनवता येतात. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या शब्दांनी होतं. दिसायला ते क्लिष्ट वाटतात, पण त्याची मुळातली मांडणी मला लाइटरूमपेक्षा शहाणी वाटते : काहीच बदललं नाही तर तो मूळ नाव तसंच ठेवतो आणि प्रती मूळ फोल्डरच्या आत वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो.

नवा क्रमांक द्यायलाच नको, असं मात्र नाही. रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर स्लाइड शो चालवायचा असेल, अल्बमची पानं लावून द्यायची असतील, तर क्रम हाच मुद्दा असतो. अशा वेळी क्रमांक पुढे आणि मूळ नंबर मागे, दोन्ही ठेवावेत : ‘०४१_४५१२’. पुढचं ते शून्य शोभेचं नाही. निव्वळ अक्षरांप्रमाणे लावलं तर १ नंतर १०, मग १००, मग १०१, आणि २ चा नंबर लागता लागता शंभर फोटो उलटून जातात. विंडोजचा एक्सप्लोरर एक्सपीपासून आकड्यांची किंमत ओळखून क्रम लावतो, त्यामुळे स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत दिसतं. तोच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की अनेक टीव्ही जुन्याच पद्धतीने क्रम लावतात आणि सप्तपदीनंतर एकदम गणपतिपूजन येतं. लाइटरूममध्ये क्रमांक एका आकड्यापासून पाच आकड्यांपर्यंत कितीही रुंद ठेवता येतो. हजाराच्या आत फोटो असतील तर तीन, वर गेले तर चार.

क्रमांक कोणत्या क्रमाने पडतात, हेही पाहायला हवं. लाइटरूम पडद्यावर त्या क्षणी जो क्रम लावलेला असेल त्याच क्रमाने मोजतो. रेटिंगप्रमाणे लावून ठेवलं आणि तसंच एक्स्पोर्ट केलं, तर पाच ताऱ्यांचे फोटो आधी आणि कार्यक्रमाचा क्रम गुंडाळलेला. काढल्याच्या वेळेप्रमाणे लावलं तरी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर वधू हार घालते एका कॅमेऱ्यात आणि वर मान झुकवतो चार मिनिटांनी, दहा फोटो सोडून. सुरुवातीलाच दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलचं घड्याळ टिपून ठेवलं तर नंतर लाइटरूममधून एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा तेवढ्या फरकाने सरकवता येतात.

आता टकरीचा भाग. एक्स्पोर्ट करायच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं, याला साधारण चार उत्तरं असतात : विचार, नवं नाव दे, न विचारता जुनी पुसून टाक, किंवा सोडून दे. यातलं ‘नवं नाव दे’ सगळ्यात सुरक्षित वाटतं आणि काहीच पुसलं जात नाही हे खरं. पण लाइटरूम त्या वेळी नावाच्या शेवटी ‘-२’ जोडतो, आणि हा ‘-२’ काहीच सांगत नाही. तो सुधारलेला फोटो असू शकतो. रॉ आणि जेपेग दोन्ही काढले असतील तर एकाच नावाच्या जोडीतला दुसराही असू शकतो, कारण दोघांचं नाव सारखं आणि दोघेही जेपेगच होऊन बाहेर पडणार. व्हर्च्युअल कॉपी, म्हणजे त्याच फोटोची काळी-पांढरी आवृत्ती, हीदेखील असू शकते. लॅबला कोणती पाठवायची हे ठरवायला दोन्ही उघडून बघाव्या लागतात. व्हर्च्युअल कॉपीला लाइटरूममध्ये स्वतःचं नाव देता येतं आणि ते नाव साच्यात घेता येतं. ही सोय वापरणारे मला फार कमी दिसले. सुधारित प्रत काढताना मी म्हणेन, फोल्डरच नवा करावा, नावात तारीख घालून. जुन्या फोल्डरवर न विचारता लिहायची परवानगी फक्त तेव्हा द्यावी, जेव्हा त्या फोल्डरमधलं सगळं पुन्हा बनवता येईल याची खात्री असते.

फोटोशॉपमधला सापळा याहून वाईट. तिथे ‘बॅच’ नावाची सोय आहे : आधी एका फोटोवर काम करून ते ‘ॲक्शन’ म्हणून नोंदवायचं, मग तीच ॲक्शन फोल्डरभर चालवायची. नोंद करताना बहुतेक जण शेवटी ‘सेव्ह ॲज’ही करतात. मग त्या पहिल्या फोटोचं नाव ॲक्शनच्या पोटात अडकून बसतं, आणि फोल्डरभर चालवल्यावर प्रत्येक फोटो त्याच एका नावाने जतन होऊ शकतो. दर वेळी आधीचा पुसून. मशीन अर्धा तास घरघरतं, पडद्यावर फोटो भराभर उघडतात-मिटतात, आणि शेवटी फोल्डरमध्ये एकच फाइल. यावर इलाज म्हणून बॅचच्या खिडकीत ॲक्शनमधली ‘सेव्ह ॲज’ आज्ञा बाजूला ठेवायची चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की नाव खालच्या सहा रकान्यांतून घेतलं जातं. त्या रकान्यांत निदान एक गोष्ट प्रत्येक फाइलला वेगळी असली पाहिजे, मूळ नाव किंवा अनुक्रमांक. त्याच खिडकीत ‘सेव्ह अँड क्लोज’ असाही पर्याय आहे. तो मूळ फायलींवरच लिहितो. इमेजमॅजिक हे फोटो बदलायचं साधन वापरणाऱ्यांनी त्यातल्या ‘मॉग्रिफाय’ या आज्ञेबद्दल हेच ध्यानात ठेवावं : वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ती मूळ फाइलच बदलते, आणि हे तिचं ठरवून दिलेलं काम आहे, दोष नव्हे.

नावं मराठीत ठेवावीत का? मन म्हणतं ठेवावीत, आणि आजचं विंडोज, मॅक, लिनक्स कुणीच देवनागरीला आडकाठी करत नाही. अडचण सुरू होते फाइल घराबाहेर पडल्यावर. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाचे वेगळे तीन. ‘श्रीकृष्ण’ लिहिलं की सत्तावीस बाइट गेले. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारण २५५ बाइटची, म्हणजे पंच्याऐंशी वर्ण. वधू-वरांची पूर्ण नावं, कार्यालय आणि गाव घातलं की ती भरतच आली. वेबसाइटच्या पत्त्यात तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाची नऊ चिन्हं होतात. ‘लग्न’ एवढ्याशा शब्दाची छत्तीस.

त्याहून छुपा प्रकार ‘वऱ्हाड’सारख्या शब्दांचा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कोणता पडेल हे तुमच्या कीबोर्डवर अवलंबून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरमध्ये ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी बसलेले दिसले आणि सर्चमध्ये एकच सापडला, तर चक्रावून जायचं कारण नाही. म्हणून वर दिलेली नावं मी इथे देवनागरीत लिहिली असली तरी प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत. मराठी हवं तिथे, म्हणजे फोटोच्या आतल्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या रकान्यांत, पोटभर लिहावं. एक्स्टेन्शनही सगळीकडे लहान अक्षरांतच असावं, कारण विंडोजला लहान-मोठं सारखंच, पण वेबसाइटचा सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात.

एवढं सगळं जपलेलं नाव एका झटक्यात उडतं ते व्हॉट्सॲपवर. फोटो म्हणून पाठवला की पलीकडच्या अँड्रॉइड फोनवर तो तारीख आणि ‘डब्ल्यूए’ असं नवं नाव घेऊन उतरतो, आणि ती तारीख फोटो पोचल्याची असते, काढल्याची नव्हे. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ नाव टिकतं. मोबाइलवरच्या नावांतल्या तारखेवरही डोळे झाकून विसंबू नये. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये नावातली वेळ भारताची नसते, यूटीसी असते, आपल्या साडेपाच तास मागची. नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता अभ्यंगस्नानाचा फोटो काढला तर नावात आदल्या दिवसाची तारीख, रात्रीचे साडेअकरा. घरच्यांचे मोबाइल-फोटो अल्बममध्ये मिसळायचे असतील तर हे आधी तपासावं.

नंबर आधीच बदलून बसले असतील, आणि हातात नव्या क्रमांकांच्या फायली आणि जुनी यादी असेल, तर काय? बऱ्याचदा वाट निघते. कॅमेरा फोटो काढल्याची वेळ फाइलच्या आत एक्झिफ नोंदीत लिहितो आणि एक्स्पोर्ट करताना ती पुसायला सांगितलेली नसेल तर ती प्रतीतही येते. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे मोफत साधन हजारो फायलींतून ती वेळ वाचून यादी काढतं, हवं तर त्या वेळेवरून नावंही देतं, आणि टक्कर झाली तर पुढे अनुक्रमांक जोडतं. घरच्यांना दिलेल्या जुन्या संचाची यादी आणि नव्या एक्स्पोर्टची यादी वेळेप्रमाणे शेजारी लावली की जोड्या जुळतात. अक्षतांच्या वर्षावात सेकंदाला आठ-दहा फोटो मारलेले असतील तिथे सेकंदापर्यंतची वेळ पुरत नाही. मग सेकंदाचा अंश लिहिणारा वेगळा रकाना बघायचा, तो बहुतेक चांगले कॅमेरे भरतात. लाइटरूममध्ये एक्स्पोर्ट करताना ‘फक्त कॉपीराइट’ एवढीच नोंद ठेवली असेल तर मात्र वेळ गेलेली असते. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारख्या आलेल्या प्रतीतही ती नसते. तिथे घरच्यांकडून स्क्रीनशॉट मागवून डोळ्यांनी एकेक जुळवत बसायचं, आणि त्या कामाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.